थंडी, धुकं आणि मामाची रेसर

शोरूममधली चकचकीत रोड बाइक ईएमआयवर घ्यायची, की माळ्यावरच्या गंजक्या फ्रेमला जुने पार्ट जोडून हिवाळ्यासाठी सायकल उभी करायची? सातारा ते सांगली, सव्वाशे किलोमीटर आणि नऊ हजार चारशे रुपयांची गोष्ट...

‘पंचेचाळीस हजार? आणि इंजिन कुठाय तिला?’

आजीने मेथी निवडता निवडता प्रश्न टाकला आणि मी मोबाइलवरचा फोटो गुपचूप बंद केला. दिवाळीला साताऱ्याला आले होते. पुण्यातल्या शोरूममध्ये तो सेल्समन मला ‘एंट्री लेव्हल आहे मॅम’ असं इतक्या सहजपणे म्हणाला होता, की क्षणभर मलाही पंचेचाळीस हजार म्हणजे चिल्लर वाटायला लागली होती. एका बोटावर उचलून बघितली ती बाइक. जीव जडला राव! पण आम्हा फ्रीलान्स पत्रकारांचं गणित तुम्हाला ठाऊकच असेल. लेख छापून येतो, कौतुकाचे मेसेज येतात, चेक मात्र येत नाही. चार महिन्यांपूर्वीच्या दोन लेखांचं मानधन अजून ‘प्रोसेसमध्ये’ होतं. ईएमआय काय कौतुकाच्या मेसेजने भरायचा?

तर त्याच दिवशी संध्याकाळी आकाशकंदिलाचं खोकं काढायला माळ्यावर चढले आणि जुन्या गादीच्या मागे ती दिसली. खाली वळलेलं मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल, दोन्ही टायर चपटे, दांड्यावर बोटभर धूळ. रेसर! मी वरूनच ओरडले, ‘मामा, ही कुणाची?’

खाली दोन सेकंद शांतता. मग मामा म्हणाला, ‘राहू दे तिथंच. हात काळे होतील.’

गोष्ट आजीने सांगितली, मामा बाहेर गेल्यावर. जानेवारी १९९४. मामा तेव्हा तेवीस वर्षांचा. सातारा ते सांगली सायकलने जायचं, बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, भेटायचं आणि परत यायचं हा त्याचा दर महिन्याचा कार्यक्रम. त्या पहाटे शेणोलीच्या अलीकडे दाट धुक्यात उसाने भरलेली टायरगाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. ना कंदील, ना लाल कापड. मामाने ब्रेक दाबला, पण दवाने ओल्या झालेल्या लोखंडी रिमवर तो लागलाच नाही. गळपट्टीचं हाड मोडलं, दोन महिने हात गळ्यात. हाड जुळलं, पण सायकल माळ्यावर गेली ती गेलीच. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. मामाला मी आजवर एकदाही सायकलवर बघितलेलं नाही आणि त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

रात्री जेवताना मी विषय काढला. मामा बराच वेळ भातच कालवत राहिला. मग म्हणाला, ‘ने. पण दिवे आणि ब्रेक माझ्या पसंतीचे. आणि ते झाल्याशिवाय एक मीटर चालवायची नाही.’

डील!

विंटर बाइक ही काय भानगड?

इंग्लंडात म्हणे हौशी रेसर मंडळी दोन सायकली ठेवतात. महागडी उन्हाळ्यासाठी आणि थंडी-पावसाच्या चिखलासाठी एक जुनी, दणकट, मडगार्डवाली. ती ‘विंटर बाइक’. चांगल्या सायकलचे हाल होऊ नयेत म्हणून हिने मार खायचा.

आपल्याकडे चित्र उलटं. सातारा-सांगलीत सायकल हाणायची तर हिवाळ्यातच. पावसाळ्यात घाटात धबधबे अंगावर येतात आणि एप्रिलमध्ये डांबर वितळतं. पण हिवाळा म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटण्याचाही सीझन. गळीत हंगाम! दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. त्या काळात कृष्णाकाठच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या, ट्रक, सगळे उसाने शिगोशीग. उसाच्या कांड्या आणि पाचट रस्त्यावर सांडलेलं. ओल्या रानातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल. पहाटे नदीकाठचं धुकं आणि सगळ्यावर दव.

म्हणजे आपल्यालाही विंटर बाइक हवीच. कारणं मात्र आपली देशी. ओल्यात लागणारे ब्रेक, थांबल्यावरही चालू राहणारे दिवे, कांड्यांवरून गेलं तरी न घसरणारे जरा रुंद टायर, चिखलासाठी मडगार्ड आणि घाटासाठी हलका गिअर. शिवाय बजेट: दहा हजार. त्यावर एक रुपया नाही.

मिस्त्रींचा सुतळी फंडा

साताऱ्याच्या एका पेठेत, पत्र्याच्या शेडमध्ये मामाच्या ओळखीच्या मिस्त्रींचं दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यावर दोरीने बांधलेला चष्मा. मामाने सायकल उतरवली, तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मामाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आली का माघारी?’ बस्स. एवढंच.

हँडलच्या नळीवरचं स्टिकर कधीच उडालेलं. मामाच्या मते फ्रेम ॲटलसची, मिस्त्रींच्या मते लुधियानाच्या कुठल्यातरी बारक्या कारखान्याची. वाद मिटला नाही आणि आता पुरावाही मिळणार नाही. १९५१ साली सोनिपतमध्ये सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. याला काय म्हणायचं?

मला वाटलं, आता पार्टची यादी होईल. पण मिस्त्रींनी खिशातून काढली सुतळी. ‘ताई, आधी फ्रेम आडवी-तिडवी हाय का बघाया पायजे. चिमटा तर बघा, पार मागं गेलाय.’

चिमटा म्हणजे पुढच्या चाकाचा फोर्क. धडकेत तो किंचित मागे वाकला होता. तो त्यांनी नवा नाही, पण सरळ असा दुसरा काढून दिला. मग सुतळीचं एक टोक मागच्या चाकाच्या खाचेत बांधलं, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून ताणलं. आता मधल्या उभ्या नळीपासून सुतळीचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. सारखं भरलं तर फ्रेम सरळ. लेझर नाही, मशीन नाही, पाच रुपयांची सुतळी! एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त निघाले.

तेही कामाचंच ठरलं. कारण जुन्या एका गिअरच्या फ्रेममध्ये मागच्या चाकाला जागा होती १२० मिलिमीटर आणि आम्हाला सात गिअरचं फ्रीव्हील बसवायचं, म्हणजे १२६ हवेत. मिस्त्रींनी लाकडी ठोकळा घातला, फ्रेम पायात धरली आणि हळूहळू, थांबून थांबून, प्रत्येक वेळी सुतळी लावून तिला फाकवली. पोलाद हे ऐकतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग चुकूनही करायचा नाही, ती वाकत नाही, तडकते. म्हणजे माझी ती पंचेचाळीस हजारांची सुंदरी धडकेत वाकली असती, तर तिला सुतळीने कुणी सरळ केलं नसतं.

आणि कॉटर पिन! जुन्या सायकलचे पॅडलचे दांडे एका पाचरीने अडकवलेले असतात. तीस वर्षं न हललेली ती पाचर म्हणजे रुसलेली सासू. दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवली. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खालून लोखंडाचा टेकू दिला आणि हातोडीचा एकच घाव. निघाली. ‘दहा बारके घाव घातले की पिन फुलती आन् कायमची बसती,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी डायरीत लिहून घेतलं, आयुष्यात इतरत्रही उपयोगी पडेल म्हणून.

चार मिलिमीटरची गंमत

आता चाकं. रेसरची मूळ चाकं २७ इंची, लोखंडाची, क्रोमचा मुलामा दिलेली. याच रिमनी मामाला दगा दिला होता. ओल्या क्रोमवर ब्रेकचं रबर नुसतं सरकतं. ॲल्युमिनियमच्या रिमवर मात्र चाकाच्या पहिल्या फेऱ्यांत पाणी पुसलं जातं आणि मग पकड बसते. तेव्हा ठरलं, लोखंडी रिम बाद.

पुण्यातल्या एका मित्राने नवी महागडी चाकं घेतली होती. त्याची जुनी ‘७०० सी’ जोडी मी बावीसशेला उचलली. आणि इथे खरी गंमत कळली. २७ इंची म्हटलेल्या रिमवर टायर बसतो ती जागा ६३० मिलिमीटर व्यासाची, तर ७०० सीची ६२२. नावावरून काही म्हणजे काही कळत नाही! आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे त्रिज्येत चार. ब्रेकचे गुटके चार मिलिमीटर खाली सरकले पाहिजेत. जुन्या कॅलिपरचे हात लांब असतात, गुटक्यांना सरकायला खाच असते. नव्या लांब हाताच्या जोडीने काम भागलं. पण चाक लहान झाल्यामुळे वर चार मिलिमीटर जागाही मोकळी झाली आणि त्यात काय बसलं? मडगार्ड! रेसरला मडगार्ड म्हणजे सुटाबुटावर छत्री, पण हिवाळी सायकलला तेच तर पाहिजे होतं.

बाकी खरेदी सांगलीत. आईकडे गेले असताना एका भंगारवाल्याकडे शाळकरी पोरांच्या टाकलेल्या गिअरच्या सायकलींचा ढीग सापडला. दहावी झाली की गाडी मिळते आणि सायकल भंगारात जाते. त्यातून मागचा डिरेलर निघाला, वजनावर नाही, नगावर. ‘वजनावर द्या की ओ,’ म्हटलं तर भंगारवाले हसून म्हणाले, ‘ताई, तुमाला कळतंय म्हणून तर नगावर.’ गिअर बदलायला साधा घर्षणावर चालणारा खटका घेतला, क्लिक-क्लिक न करणारा. त्याला कुठल्याही कंपनीचा डिरेलर चालतो. थोडं कानाने ऐकून खटका सरकवायचा, चेन कुरकुरली की समजायचं अजून जरा पुढे.

आता जरा आकडेमोड, कंटाळू नका. मामाच्या काळात पुढे ४६ दाते, मागे १८. पॅडलचा एक फेरा म्हणजे सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे. सपाटीला ठीक, पण घाटात गुडघ्यांचा भुगा. आता पुढे ४२ आणि मागे सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं. एका फेऱ्यात फक्त सव्वातीन मीटर. वेग कमी, पण चढ चढतो.

दिव्यांवर मामा अडून बसला. मला डायनॅमो लावायचा होता, रेट्रो लुकसाठी. मामा म्हणाला, ‘डायनॅमो चाक फिरतंय तोवरच पेटतो. तू थांबलीस की तूही ती टायरगाडीच.’ मी गप्प. पुढे एक चार्जिंगचा एलईडी, मागे दोन लाल आणि मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर टेप.

यवतेश्वरला दणका

पहिली ट्रायल यवतेश्वरच्या घाटात. सातारकरांचा हा हक्काचा चढ. शहर सोडलं की लगेच सुरू होतो, वर यवतेश्वर आणि पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर कास. पावसाळ्यानंतर कासची फुलं बघायला अख्खा महाराष्ट्र लोटतो, पण डिसेंबरच्या सकाळी रस्ता आपलाच असतो. २८ दात्यांचं चक्र टाकलं आणि धापा टाकत, पण न उतरता, वर पोचले. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, अंगातून वाफा. सॉलिड वाटलं!

उतरताना दुसऱ्या वळणावर ‘खर्रर्र’ असा आवाज आला. मागचा ब्रेक ढिला. पुढच्या ब्रेकवर कशीबशी कडेला थांबले आणि बघते तर काय, एक गुटका वर सरकून रिमऐवजी टायरला घासत होता. टायरच्या बाजूला बोटभर लांब काळा ओरखडा. अजून दोन वळणं गेली असती, तर टायर फुटलाच असता, त्या उतारावर.

तो नट मिस्त्रींनी नव्हता आवळला. मीच आवळला होता. ‘सगळं तुम्हीच नका करू, मलाही करू द्या,’ असा हट्ट करून. फोटो काढण्याच्या नादात अर्धवट सोडून.

सायकल हातात धरून खाली आले. मिस्त्रींनी गुटका बघितला, टायर बघितला, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, ‘ज्यानं आवळलं त्यानंच सोडायचं, आन् त्यानंच परत आवळायचं.’ आणि पान्हा माझ्या हातात दिला. त्या दिवशी सायकलवरचा एकेक नट मी सोडला आणि आवळला. साडेतीन तास. टायर नवा घ्यावा लागला आणि बजेटचं कंबरडं मोडता मोडता वाचलं.

मामाला हे सांगायचं नव्हतं. पण सांगितलं. तो फक्त म्हणाला, ‘बरं झालं, इथंच झालं.’

कृष्णेच्या सोबतीने

जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेसहा. आजीने पाठीवरच्या सॅकमध्ये कंदी पेढे कोंबले, ‘आईला दे, वाटेत खाऊ नको.’ मामाने दिवे दोनदा लावून बघितले, ब्रेक चारदा. तो दुपारच्या गाडीने सांगलीला येणार होता.

साताऱ्याहून कराडपर्यंत हायवे. नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज. बोटं बधिर, नाक लाल, सर्व्हिस रोड मिळेल तिथे सर्व्हिस रोड धरायचा. पन्नासेक किलोमीटरनंतर कराड. प्रीतिसंगमावर सायकल टेकवून चहा प्यायले. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात. बघता बघता लक्षात आलं, की या अख्ख्या वाटेवर कृष्णा हेच करत आलीये. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा घेतली, उंब्रजला तारळी, इथे कोयना. पुढे येरळा, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. म्हणजे बॉस, ही नदीसुद्धा मिळेल तो पार्ट जोडत मोठी झालेली आहे!

कराडहून हायवे सोडला. रेल्वे स्टेशन आहे ते ओगलेवाडीला. हो, तीच ओगल्यांची काच आणि तोच प्रभाकर कंदील. एके काळी खेडोपाडी बैलगाडीखाली लटकायचा तो. आता जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसतो, कॅफेची सजावट म्हणून. त्या दिवशी मला तो सजावट वाटला नाही.

कारण शेणोलीकडे वळले आणि धुकं आलं.

नऊ वाजत आले होते, मला वाटलं होतं सुटलो. पण नदीकाठच्या उसात ते तसंच बसून होतं, दहीभातासारखं. दोन्ही दिवे लावले, वेग कमी केला. दव चष्म्यावर, दव हँडलवर, दव रिमवर. याच शेणोलीला ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने ब्रिटिशांच्या पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली होती, ते कॉलेजात वाचलेलं. पण डोक्यात तो इतिहास नव्हता, १९९४चा होता.

आणि ती दिसली. दिसली म्हणजे काय, पांढऱ्यातून एकदम हिरवं-तपकिरी काहीतरी उगवलं. उसाचे शेंडे. बैलगाडी, कडेला उभी. दोन्ही ब्रेक दाबले. पहिल्या क्षणी काहीच नाही, पोटात खड्डा. मग रिमवरचं पाणी पुसलं गेलं आणि पकड बसली. चाक थांबलं तेव्हा पुढचा टायर आणि उसाच्या शेंड्यांमध्ये एक हात अंतर होतं.

पाय थरथरत होते. गाडीजवळ एक बाई बैलाच्या गळ्यातली दोरी सोडवत होती, माझ्याच वयाची असेल. वर मोळ्यांवर एक लहान पोरगं गोधडीत गुंडाळलेलं. बीडकडची ऊसतोड मंडळी. बैलाच्या पायात काहीतरी रुतलं म्हणून थांबले होते. मी तावातावाने काहीतरी बोलणार होते. ‘दिवा नको का लावायला’ वगैरे. पण ती बाईच म्हणाली, ‘घाबरलीस का बाई? आमाला बी भ्याव वाटतं. मागनं येनारं दिसतच नाय.’

पहाटे तीनला उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, लादायच्या आणि मग या रस्त्यावरून, लेकराला वर बसवून. मी हौसेने आलेली, दोन लाल दिवे आणि घरून पेढे घेऊन. माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

सॅकमध्ये रिफ्लेक्टर टेपचं उरलेलं रीळ होतं. गाडीच्या मागच्या लाकडाचं दव ओढणीने पुसलं आणि चार पट्ट्या चिकटवल्या. दोन उभ्या, दोन आडव्या. माझा एक लाल दिवाही तिथेच बांधला. पेढ्याचं एक पाकीट त्या पोराला. (सॉरी, आजी.) मग पुढच्या टपरीवर पाऊण तास बसून राहिले, धुकं उठेपर्यंत. सरासरी वेग गेला खड्ड्यात. ‘धुक्यात थांबायचं’ ही अट मामाने घातली नव्हती. बहुतेक मी स्वतःच समजावं म्हणून.

सायकलच्या दुकानातून उगवलेलं गाव

ताकारीनंतर ऊन पडलं. डाव्या हाताला सागरेश्वरचे डोंगर आणि थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी. पाटी बघून उतरले. या गावाची सुरुवात कशाने झाली माहितीये? सायकलने! १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी थोरल्या भावासोबत, रामूअण्णांसोबत, बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना तिथून सायकली धाडायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. त्यातून कडबा कापायची यंत्रं आली, १९०३ साली लोखंडी नांगर आला आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर कारखान्यासकट हे गाव वसलं. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे माझ्या रूटची दोन्ही टोकं एका सायकलच्या दुकानाने जोडलेली! स्टेशनबाहेर रेसर उभी केली आणि तिचा फोटो काढला. या वेळी नट आधी तपासून.

पुढे पलूस, मग भिलवडी. चितळ्यांची डेअरी इथलीच, हे पुणेकरांना सांगितलं तर अर्धे ऐकत नाहीत. वसगडे, नांद्रे, माधवनगर करत दोन वाजता सांगलीत शिरले. गुडघे बोलत होते, पाठ ओरडत होती. चेन मात्र गप्प होती. मेकॅनिकसाठी याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

मामा माझ्या आधी पोचला होता. गेटमध्येच उभा. माझ्याकडे नाही, आधी सायकलकडे बघितलं. वाकून मागचं चाक उचललं, फिरवलं, कान लावला. ‘एकच दिवा? दुसरा कुठाय?’

सांगितलं. शेणोली, बैलगाडी, टेप, सगळं. आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. मामा काहीच बोलला नाही. मडगार्डवरचा वाळलेला चिखल अंगठ्याने खरवडत राहिला. मग सीटचा बोल्ट सैल करून ती दोन बोटं वर घेतली, आवळली आणि म्हणाला, ‘आयर्विन पुलापर्यंत जाऊन येतो.’

१९२९ साली झालेला तो पूल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मामा पन्नास मिनिटांनी परत आला. हँडलला भडंगाची पिशवी, कपाळावर घाम.

‘पुढचा ब्रेक जरा घट्ट आहे,’ तो म्हणाला. ‘परत साताऱ्याला नेताना सैल करून घेतो.’

‘कोण नेणार?’ आईने विचारलं.

मामाने भडंगाचा बकाणा भरला होता. त्यामुळे उत्तर मिळालं नाही.

माझा हिशेब

फ्रेम, हँडल, सीट: मामाची कृपा
जुनी ॲल्युमिनियम चाकं (जोडी): २२०० रु.
टायर-ट्यूब, २८ मिमी (फुकट घालवलेल्या एकासह): १३०० रु.
पॅडलचे दांडे, ४२ दात्यांचं चक्र, एक्सल: ९०० रु.
डिरेलर आणि खटका: ६५० रु.
सात गिअरचं फ्रीव्हील (१४ ते २८ दाते): ४५० रु.
चेन: ३५० रु.
लांब हाताचे ब्रेक: ७०० रु.
केबल आणि कव्हर: ३०० रु.
मडगार्ड: २५० रु.
दिवे आणि रिफ्लेक्टर टेप: ११०० रु.
चिमटा, छर्रे, ग्रीस आणि मजुरी: १२०० रु.
एकूण: ९४०० रु. (मिस्त्रींकडचा चहा मोजलेला नाही. त्यांनी मोजू दिला नाही.)

तुम्हीही करणार असाल तर...

• आधी फ्रेम सरळ आहे का बघा, मगच पार्ट घ्या. सुतळी पुरते.
• लोखंडी रिम असतील, तर पहिला खर्च ॲल्युमिनियमच्या चाकांवर करा. रंग आणि स्टिकर सगळ्यात शेवटी.
• टायरवर छापलेला व्यासाचा आकडा वाचा (६२२ की ६३०). इंचांच्या नावावर विसंबू नका.
• पहिल्या मोठ्या उताराआधी प्रत्येक नट स्वतः तपासा, ब्रेकच्या गुटक्यांचे दोनदा.
• गळीत हंगामात कृष्णाकाठी सूर्य वर आल्यावरच निघा. धुकं भेटलं, तर टपरी शोधा.
• रिफ्लेक्टर टेपचं रीळ जरा मोठंच घ्या. आपल्याला पुरून उरलं पाहिजे.